कट जरा लवकर पडतोय

नमस्कार श्रोतेहो.

माझी सगळी नोकरी काळोखात गेली. गैरसमज नको. मी सिनेमाच्या एडिटिंग रूममध्ये असिस्टंट होतो, आधी ताडदेवला, मग अंधेरीला, आणि दोन्हीकडे खिडक्यांना काळे पडदे. स्टीनबेकच्या टेबलावर फिल्म पुढेमागे फिरवायची, साहेब "इथे" म्हणाले की मेणाच्या पेन्सिलीने फ्रेमवर खूण करायची, कापायचं, चिकटवायचं, आणि उरलेला तुकडा बिनमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या पेटीत, लटकवून ठेवायचा, कारण तासाभराने साहेब तोच परत मागणार. सेकंदाला 24 फ्रेम. त्यातल्या चार फ्रेम ठेवायच्या की काढायच्या यावर आमचे साहेब अर्धा अर्धा तास काढत. म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागासाठी माझी शेवटची फास्ट लोकल चुकायची. तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोललोय.

आता निवृत्त होऊन घरी बसलो, तर टीव्हीसमोर मीच तसा वागतो. "अरे, कुठे कापलंस?" असं ओरडतो. बायको म्हणते, टेबल गेलं, पण खोड काही जात नाही.

मध्यंतरी दोन सिनेमे पाहिले. एक पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', ज्याला 2024 साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. मुंबईतल्या मल्याळी नर्सची गोष्ट आहे. तिचा नवरा जर्मनीत, वर्षानुवर्षं त्याचा पत्ता नाही, आणि एक दिवस जर्मनीत बनलेला राइस कुकर पार्सलने येतो. चिठ्ठी नाही, नाव नाही. रात्री ही बाई जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. एवढंच. आमच्या काळातला एखादा निर्माता म्हणाला असता, इथे दोन शॉट नवऱ्याचे टाका, लग्नातले, मागे सतार. इथे कोणी काही टाकलेलं नाही. कॅमेरा थांबतो, आपणही थांबतो, आणि मग आपलं आपल्याला कळतं.

छाया कदम त्यात इस्पितळात स्वयंपाक करणारी बाई झाल्यात. चाळीतली खोली बिल्डर घेतोय आणि हातात एक कागद नाही. ते पाहताना आमच्या गिरगावातली निम्मी बिऱ्हाडं डोळ्यांसमोर आली. पुढे गोष्ट रत्नागिरीकडे जाते. तिथे बुडालेल्या माणसाचा एक प्रसंग आहे, तो मला दोनदा पाहूनही पचला नाही. बायकोला नेमका तोच सगळ्यात आवडला. आमच्यात त्यावरून दोन दिवस चहा जरा अबोल होता.

दुसरा, चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. तो जुना, 2014 चा, पण पुन्हा लावला. त्यात शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. लोक निघून जातात, दिवे मालवतात, आणि पडदा काळा होतो. आपल्याला वाटतं, संपला. आणि सिनेमा पुढे चालूच राहतो! तो काळोख किती वेळ धरायचा, हे ज्याने ठरवलं त्याला माझा नमस्कार. माझी तर छाती झाली नसती.

आता क्रिकेट. तुम्ही म्हणाल, सिनेमावरून एकदम क्रिकेटवर कसा आलो? मी आलो नाही, रिमोट माझ्या हातात नव्हता.

थेट प्रक्षेपण हेसुद्धा संकलनच असतं. मैदानाबाहेर गाडीत एक माणूस वीसेक पडद्यांसमोर बसून "तीनवर जा, सातवर जा" असं सांगत असतो. त्याचं काम माझ्यापेक्षा अवघड, कारण त्याला तुकडा बिनमधून परत काढता येत नाही. म्हणून माझा राग त्याच्यावर फारसा नाही. त्याच्या डोक्यावर बसून जाहिरातीचं बटण दाबणारा जो कोणी आहे, त्याच्यावर आहे.

षटकाचा सहावा चेंडू पडतो. फलंदाज तो ढकलतो, चेंडू कव्हरकडे जातो, धाव निघते की नाही हे कळायच्या आत पान मसाला. परत येतो तेव्हा पुढच्या षटकाचा गोलंदाज अर्ध्या धावेत. मधल्या वेळात कर्णधाराने स्लिप काढली, गली आत घेतली, लेगला दोघं मागे पाठवले. त्या हालचालीतच पुढच्या विकेटचं बी असतं, आणि ते आपल्याला दाखवलेलंच नसतं. मग गडी डीप स्क्वेअर लेगला झेल देऊन जातो आणि आपण विचारतो, हा तिथे कधी आला? बाद झालेला फलंदाज परत जाताना खेळपट्टीकडे बघतो, बॅटकडे बघतो, येणाऱ्याला काहीतरी सांगतो. तिथे नाट्य आहे. तिथे आपल्याला कर्ज मिळतं, सोप्या हप्त्यांत.

आयपीएलमध्ये अडीच मिनिटांचा स्ट्रॅटेजिक टाइमआउट नियमातच लिहिलाय. तिथे दाखवा की हव्या तेवढ्या! माझी काही तक्रार नाही. पण गोलंदाज धावत असताना चित्र आकसून कोपऱ्यात जातं आणि बाजूने बनियनची जाहिरात सरकत येते, याला काय म्हणावं?

याच्या बरोबर उलटी गोष्ट 1983 च्या विश्वचषकाची. 18 जूनला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारत 5 बाद 17, आणि तिथून कपिल देव नाबाद 175. त्या डावाचं चित्रीकरणच नाही. '83' या सिनेमात तो पुन्हा उभा केलाय. मला सिनेमा बरा वाटला, पण तिथेही दर फटक्याला प्रेक्षकांतले चेहरे, म्हणजे टीव्हीचीच सवय. जे कोणी पाहिलं नाही ते दाखवायची संधी मिळाली होती, तर निवांत दाखवायचं होतं.

गेल्या नोव्हेंबरची, म्हणजे 2 नोव्हेंबर 2025 ची रात्र सांगतो. महिलांचा विश्वचषक, अंतिम सामना आपल्याच नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पावसाने दोन तास खाल्ले, पाच वाजता सुरुवात, त्यामुळे निकाल मध्यरात्रीच लागणार होता. नातवाने मोबाइल टीव्हीला जोडून दिलेला. शेजारच्या खोलीत केबल. आता यात गंमत अशी की केबल पुढे आणि मोबाइल मागे, चांगला अर्धा मिनिट. त्यामुळे आमच्याकडे दीप्ती शर्मा चेंडू पुसत असायची आणि भिंतीपलीकडून "चार!" अशी आरोळी यायची. आम्हाला चौकार आधी, चेंडू नंतर.

दक्षिण आफ्रिकेची वूल्फार्ट शतक करून उभी. तिने चेंडू उंच मारला, अमनजोत कौर धावली, चेंडू हातातून उडाला, पुन्हा उडाला, तिसऱ्यांदा धरला. शेजाऱ्यांचा जल्लोष तर आधीच होऊन गेला होता, तरी माझा श्वास अडकलाच. कारण त्या मघाच्या गाडीतल्या माणसाने कट मारला नाही! चेंडू आणि ती पोरगी, दोघं एकाच शॉटमध्ये. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. नातू समजला, झेलासाठी.

आपण 52 धावांनी जिंकलो, तेव्हा चाळीत एकाच जिन्यावर दोन वेळा फटाके फुटले, एकदा केबलवाल्यांचे, एकदा आमचे.

कबड्डीचंही थोडं सांगतो, कारण लालबागच्या मैदानात बसून पाहिलेला माणूस हे सहन करूच शकत नाही. चढाई 30 सेकंदांची. तेवढ्यात सातही बचावपटूंचे पाय पाहायचे असतात, कोपरारक्षक कुठे दबा धरून बसलाय, साखळी कोणी सोडली. आणि आम्हाला दाखवतात चढाईपटूच्या कपाळावरचा घाम. पुन्हा रिप्ले पलीकडच्या बाजूने, म्हणजे डावीकडे जाणारा गडी उजवीकडे पळतो. याला आम्ही रेषा ओलांडणं म्हणायचो, आणि आमच्याकडे नव्या असिस्टंटने ती ओलांडली की त्या दिवशीचा चहा त्याच्या पैशाने.

असो. परवा एका सामन्याला मी शक्कल लढवली. टीव्हीचा आवाज बंद आणि जुना ट्रान्झिस्टर चालू. आमच्या लहानपणी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकताना मैदान जसं डोळ्यांसमोर उभं राहायचं, तसं काही जमतंय का बघू म्हटलं. जमेना. रेडिओ म्हणतो "त्रिफळाचीत", आणि पडद्यावर मोबाइल अजून मागच्या षटकातल्या साबणाच्या जाहिरातीत.

शेवटी पडदाच बंद केला. खोलीत नुसता आवाज. नातू थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आजोबा, काहीच दिसत नाहीये."

मी विचारलं, "पॉइंटला कोण आहे?"

त्याने नाव बरोबर सांगितलं.