जुना पेंटियम घ्यावा की जुना ॲथलॉन?

मंडळी, आज दोनच चिपांबद्दल बोलायचं आहे. इंटेलचा पेंटियम जी४५६० जानेवारी २०१७ मध्ये आला. एएमडीचा ॲथलॉन २००जीई सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हापशात किंवा मडगावात कुणाकडे जुना पीसी बघायला गेलात, तर स्वस्तातल्या सेटमध्ये या दोघांपैकी एक असण्याची शक्यता बरीच. दुकानाचं बिलिंग, गेस्टहाऊसचं रिसेप्शन, शाळेची लॅब, घरात मुलांचा अभ्यास अशी कामं तुमच्यापुढे आहेत असं धरून मी बोलतो.

आधी जी४५६० एवढा गाजला का, ते सांगतो. त्याआधीच्या डेस्कटॉप पेंटियमला दोन कोअर (चिपेतले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि दोनच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) असत. चार थ्रेड हवे तर इंटेलचाच महागडा आय३ घ्यावा लागे. इंटेलने या पिढीत पेंटियमलाच हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) दिलं. दोन कोअर, चार थ्रेड, ३.५ गिगाहर्ट्झ, ३ एमबी कॅश (चिपेतली छोटी जलद मेमरी), आणि यादीतली किंमत ६४ डॉलर. त्याच पिढीतला आय३-७१०० ३.९ गिगाहर्ट्झचा, पण ११७ डॉलरचा. मधल्या ०.४ गिगाहर्ट्झसाठी जवळजवळ दुप्पट पैसे कोण देणार? मागणी इतकी वाढली की जी४५६० छापील किमतीला मिळेनासा झाला.

पावणेदोन वर्षांनी एएमडीनं त्याला उत्तर दिलं. २००जीईलाही दोन कोअर आणि चार थ्रेड, वेग ३.२ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश ४ एमबी, किंमत ५५ डॉलर. टर्बो, म्हणजे गरजेला वेग आपोआप वाढवण्याची सोय, दोघांनाही नाही. म्हणजे डब्यावर जो आकडा आहे तोच शेवटचा.

आता वेग. एका कोअरवर चालणाऱ्या कामात पेंटियम थोडा पुढे असतो. घड्याळाचा वेग (गिगाहर्ट्झ) जास्त, आणि इंटेलच्या त्या कोअरचं दर फेरीचं कामही ॲथलॉनमधल्या पहिल्या झेन रचनेच्या कोअरपेक्षा किंचित जास्त. पण बिलिंग सॉफ्टवेअर, ब्राउझर, युनिकोड मराठीत टायपिंग यांत हा फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. जुन्या हार्ड डिस्कवरचा पेंटियम आणि एसएसडीवरचा ॲथलॉन शेजारी ठेवले, तर ॲथलॉन कितीतरी वेगवान वाटेल, आणि उलट केलंत तर पेंटियम. म्हणून नुसत्या चिपांच्या बेंचमार्कवर वाद घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

खरा फरक तीन ठिकाणी आहे. पहिला ग्राफिक्सचा. पेंटियमचं एचडी ६१० चित्र दाखवतं, एचईव्हीसी आणि व्हीपी९ या प्रकारांत दाबलेले व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतं, आणि तिथंच थांबतं. ॲथलॉनचं व्हेगा ३ व्हिडिओही तसेच उलगडतं, शिवाय ७२० पिक्सेलवर सेटिंग खाली ठेवून हलके गेम खेळू देतं. वेगळं कार्ड न घेता मुलांना खेळायचं असेल, तर विषय इथेच संपला. मात्र व्हेगा मुख्य रॅममधूनच काम भागवतं. ८ जीबीची एकच काडी लावलीत तर ते गुदमरतं, ४-४ जीबीच्या दोन लावल्या की सुटतं. बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्राफिक्ससाठी १ किंवा २ जीबी रॅम राखून ठेवलेली असते. एकूण ४ जीबीच असेल तर विंडोजला काय उरणार? ऑफिसच्या कामापुरतं ते राखीव माप कमीत कमी ठेवा.

दुसरा फरक फार कमी लोक सांगतात. जी४५६० मध्ये एव्हीएक्स सूचनासंच, म्हणजे एका फटक्यात अनेक आकड्यांवर हिशेब करणाऱ्या आज्ञा, नाही. इंटेलने तो पेंटियममध्ये बंद ठेवला होता. बिलिंगवाल्याला याचा पत्ताही लागणार नाही. पण प्रोग्रामिंग शिकणारा मुलगा घरात असेल तर तो अडतो. मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोची तयार पॅकेजेस १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स मागतात, मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून मागतो, काही गेम तर उघडतही नाहीत. पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असं येतं आणि पोरगा सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकत बसतो. ॲथलॉनमध्ये एव्हीएक्स२ सुद्धा आहे.

तिसरा फरक बोर्डाचा, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. पेंटियम एलजीए११५१ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे चिप बसते ती जागा) १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर बसतो. त्या बोर्डावर फार तर आय७-७७००के पर्यंत जाता येतं, पुढे रस्ता बंद. ॲथलॉनचं सॉकेट एएम४. बी४५० सारखा बोर्ड असेल तर आज ॲथलॉन लावून काम सुरू करा, दोन वर्षांनी त्याच जागी एएमडीचाच सहा कोअरचा रायझन ५००० मालिकेतला बसवा. पण आधी बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर सीपीयू सपोर्ट लिस्ट बघा आणि लागणारं बायॉस ॲथलॉन बोर्डावर असतानाच टाका. काही नव्या बायॉसमध्ये जागा करण्यासाठी जुन्या चिपांचा आधार काढलेला असतो, त्यामुळे परतीची वाट राहतेच असं नाही. आणि हे काम जूनमध्ये, यूपीएसशिवाय करू नका. वीज नेमकी अर्ध्यात गेली की बोर्ड मेला.

ॲथलॉनचीही खोट आहे. ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटला तो चारच लेन (डेटाचे रस्ते) देतो, आणि बऱ्याच बोर्डांवर थेट बोर्डावर बसणाऱ्या एम.२ एसएसडीला दोनच. भारी कार्ड लावायचा बेत असेल तर पेंटियमच्या सोळा लेन बऱ्या. अर्थात दोन कोअरच्या चिपेवर भारी कार्ड लावणं हाच मुळात उलटा हिशेब.

विजेचं काय? पेंटियमवर ५४ वॉट लिहिलेलं असतं, ॲथलॉनवर ३५. दुकानदार लगेच बिल कमी येईल म्हणतो. १९ वॉटचा पूर्ण फरक रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस धरला, तरी ३.८ युनिट होतात. आणि बिलिंगच्या मशीनवर तेवढाही पडत नाही, कारण चिप बहुतेक वेळ रिकामीच बसलेली असते. या कारणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

बघायला जाल तेव्हा नाव नीट वाचा. जी४४०० हासुद्धा पेंटियमच, त्याच सॉकेटचा, पण थ्रेड दोनच. एएम४ वर ॲथलॉन एक्स४ ९५० नावाची चिप आहे, ती जुन्या रचनेची आणि तिच्यात ग्राफिक्स नाही. मशीन चालू करून सीपीयू-झेड हे चिपेची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, थ्रेड चार दिसले पाहिजेत. एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ रॅमचे असतात, ते टाळलेलेच बरे. पेंटियमला त्यात १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, आणि १.५ व्होल्टच्या साध्या काड्या लावून देणारे कमी नाहीत.

पेंटियमची चिप सपाट, पिना सॉकेटमध्ये. ॲथलॉनच्या पिना चिपेलाच. पेंटियमचा बोर्ड घेताना कुलर काढायला लावून सॉकेटमध्ये टॉर्च मारा, एक वाकडी पिनसुद्धा रॅमचा एक चॅनल (रॅमकडे जाणारा मार्ग) घालवू शकते. ॲथलॉनचा कुलर थंड असताना सरळ वर ओढू नका. चिप आणि कुलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असते आणि चिप लॉक असतानाही कुलरबरोबर उपटून येते. दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, कुलर डावी-उजवीकडे किंचित फिरवा, मग उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी ठेवा. इंटेलच्या कुलरचे चारही खिळे ‘टक’ वाजेपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिला तरी तापमान शंभरीकडे जातं आणि चिप स्वतःचा वेग पाडते. ॲथलॉनची मर्यादा ९५ अंश.

आपल्याकडे आणखी एक बघावं लागतं. किनाऱ्यालगत चाललेल्या मशीनमध्ये खारी दमट हवा रॅमच्या संपर्कपट्ट्या आणि पोर्टांचे पत्रे खाते. मागच्या यूएसबी पोर्टांवर गंज दिसला तर आतही असणार असं समजा. चालू होऊन चित्र न येणारी मशीन पुष्कळदा रॅम काढून पट्ट्या खोडरबरानं पुसल्यावर सुरू होते. हिरवट डाग बोर्डावरच असतील तर सौदा सोडा.

विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोन्ही नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यादीत बसणारा जवळचा भाऊबंद म्हणजे ॲथलॉन ३०००जी. तो २०१९ चा, ३.५ गिगाहर्ट्झचा, बाकी २००जीईसारखाच. दोन्ही समोर असतील आणि फरक थोडा असेल, तर तोच उचला. नाहीतर लिनक्स मिंट दोघांवरही निमूट चालतं.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: “घरात जी४५६० आधीच आहे, काढून ॲथलॉन घेऊ का?” नको. एवढ्यासाठी बोर्ड बदलणं परवडत नाही. एसएसडी लावा, रॅम ८ जीबी करा. तरी कमी पडला तर जुना आय५-७५०० शोधा. चार खरे कोअर मिळतात, एव्हीएक्सचा प्रश्नही सुटतो. त्याआधी बोर्डाची सपोर्ट लिस्ट बघा. मात्र कुणी आय३-८१०० स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. सॉकेटचं नाव तेच, चिप आत बसतेही, पण या बोर्डांवर मशीन सुरू होत नाही.