आजारी मूल, मोठा पाहुणा आणि दोघांमधला कॅमेरा

नमस्कार. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेल्सच्या राजकुमारी केट यांनी विंडसर येथे कर्करोगाशी झुंजणाऱ्या एका किशोरवयीन मुलीला मिठी मारली. ते छायाचित्र अजूनही फिरत असते, आणि ते फिरले की आपल्याकडून मला एकच प्रश्न येतो, तो म्हणजे ही माया खरी की कॅमेऱ्यापुरती? केट यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतःच्या कर्करोगाची बातमी जगाला सांगितली होती, त्यामुळे त्या मिठीविषयी शंका घ्यावी असे मला वाटत नाही. परंतु कोणाच्या मनात काय होते हे पडद्यावर पाहून ठरवता येत नाही, म्हणून या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही.

मूळ माहिती थोडक्यात सांगते. आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी ‘मेक-अ-विश’ ही संस्था १९८० मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथील रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका सात वर्षांच्या मुलामुळे उभी राहिली. त्याला पोलीस व्हायचे होते, आणि तेथील पोलिसांनी त्याला एक दिवस खरोखरच आपल्यात सामावून घेतले. कुस्तीपटू जॉन सीना यांनी या संस्थेमार्फत ६५० हून अधिक मुलांची इच्छा पूर्ण केल्याची नोंद २०२२ मध्ये गिनेस बुकाने घेतली. दोन्ही उदाहरणांत मागणी मुलाची होती आणि मोठी माणसे त्या मागणीपाठोपाठ आली, हा क्रम कृपया लक्षात ठेवा.

आता मला मनापासून खुपणारी गोष्ट, म्हणजे छायाचित्र. मी खारघरमध्ये राहते. टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र येथेच असल्यामुळे मास्क लावलेली, केस गेलेली लहान मुले आणि गावाकडची शेती कोणावर तरी सोपवून आलेले त्यांचे आईवडील आमच्या रोजच्या रस्त्यावर दिसतात. अशाच एका वडिलांनी मला सांगितले होते की, दुसऱ्या एका शहरातील रुग्णालयात उपचार चालू असताना एक प्रसिद्ध पाहुणे मदतीचा धनादेश घेऊन आले, आणि मुलाला ताप असतानाही त्याला उठवून छायाचित्रासाठी बसवण्यात आले. “नाही कसं म्हणणार ताई, औषधाचे पैसे तेच देणार होते,” एवढेच ते म्हणाले. ज्या माणसाला नकार देणे परवडत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

“आईवडिलांनी सही केली होती, मग तुमची हरकत कशाला?” असे गेल्या व्हिडिओखाली एका प्रेक्षकांनी विचारले होते. त्यांनी ही गोष्ट मुलाच्या बाजूने पाहावी. स्टेरॉइडमुळे सुजलेला चेहरा, गेलेले केस, हाताला सलाईन, हे त्या मुलाचे कायमचे रूप नव्हे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग योग्य उपचारांनी बहुतांश वेळा बरा होतो. म्हणजे ते मूल मोठे होणार, नोकरी शोधणार, त्याच्या लग्नाची बोलणी होणार, आणि कोणीतरी त्याचे नाव इंटरनेटवर शोधले की त्याने विसरायचे ठरवलेला आजार पाहुण्याच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी दिसणार. सही वडिलांची होती. आयुष्य मात्र त्याचे आहे.

“पण छायाचित्राशिवाय जागृती कशी होईल?” हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण राजकुमारी डायना यांचे छायाचित्र त्याच्या बाजूने उभे करता येते. ९ एप्रिल १९८७ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णाशी त्यांनी हातमोजे न घालता हस्तांदोलन केले. स्पर्शाने हा आजार होतो या भीतीवर त्या एका क्षणाने घाव घातला, आणि तेथे कॅमेरा नसता तर ते जगाला कळले नसते. पण ते छायाचित्र नीट पाहा. रुग्ण पाठमोरा आहे, कारण त्याने त्याच अटीवर परवानगी दिली होती. त्याचा चेहरा न दाखवताही जगाला जे समजायचे ते समजले, मग आपल्या मुलांचे चेहरेच का हवे असतात?

कीर्तीकडे पाहून दारे उघडण्याचा धोका याहून मोठाही असतो. ब्रिटनचे दूरचित्रवाणी निवेदक जिमी सॅव्हिल यांना दानशूर म्हणून रुग्णालयांत मुक्त प्रवेश होता. २०११ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर उघड झाले की त्यांनी तेथील रुग्णांवर, त्यात मुलांवरही, लैंगिक अत्याचार केले होते. पाहुणा कितीही मोठा असो, परिचारिका किंवा पालक सतत सोबत असलेच पाहिजेत.

शेवटी पनवेलच्या एका गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांचा प्रश्न घेते. मालिकेतील एका कलाकारांना कर्करोगग्रस्त मुलांच्या वॉर्डात न्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारा, मुलांना हे कलाकार हवे आहेत का. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, ज्याला पालक ‘काउंट कमी आहेत’ म्हणतात, आणि तेव्हा साधी सर्दीही मुलाला अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते. त्यामुळे ढोलताशा, हारफुले आणि बाहेरचे मोदक वॉर्डात नेऊ नका, आणि खोकला असलेल्या कार्यकर्त्यांना घरीच थांबवा. त्या कलाकारांनी छायाचित्र जरूर काढावे, पण ते रक्तपेढीत प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या आणि केमोमुळे घटणाऱ्या रक्तपेशी, देताना. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून विसर्जनाआधीच्या एका मोठ्या शिबिरापेक्षा मंडळाच्या सभासदांनी आळीपाळीने वर्षभर देणे अधिक उपयोगी पडते. तुमच्या यादीत इच्छुक किती आहेत ते मला कळवा. रक्तपेढीशी बोलून वेळा ठरवायला मी मदत करीन.