ढकलतो तो चुंबक

[पांढऱ्या कागदावर दोन पट्ट्या]

रंग एक, लांबी एक. जवळ आणल्या की या दोन पट्ट्या चटकन चिकटतात. मग यातला चुंबक कोणता? दोन्ही असतील, किंवा एक चुंबक आणि दुसरं साधं लोखंड असेल. नुसत्या चिकटण्यावरून काहीच ठरत नाही, कारण लोखंड दोन्ही ध्रुवांना चिकटतं. आता एकीचं टोक फिरवू. बघा, दुसरी मागे सरकली. साधं लोखंड असं कधी मागे सरत नाही. म्हणजे दोन्ही चुंबकच.

चुंबक म्हटलं की आपल्याला ओढणं आठवतं आणि ढकलण्याला कुणी विचारत नाही. आज आपण त्याच्याकडेच जास्त बघणार आहोत.

[लोहकीस, अगदी जवळून]

काचेखाली दोन चुंबक आहेत, उत्तर ध्रुवासमोर दक्षिण ध्रुव. वरून लोखंडाचा कीस भुरभुरला आणि काचेला एक टिचकी मारली. कण रांगा धरून उभे राहिले. प्रत्येक कण तेवढ्यापुरता स्वतःच चुंबक झालाय, एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला. मधल्या फटीत या रांगा सरळ एका ध्रुवावरून दुसऱ्यावर गेल्यात.

आता उत्तर ध्रुवासमोर उत्तर ध्रुव. पुन्हा कीस, पुन्हा टिचकी. दोन्हीकडून निघालेल्या रांगा मध्यावर येतात आणि वळतात, काही या अंगाला, काही त्या. अजून जवळ जाऊ. बरोबर मधोमध एवढीशी जागा आहे, तिथले कण पडले तसेच पडून आहेत. इथे दोन्ही चुंबकांची क्षेत्रं, म्हणजे आसपास पसरलेले त्यांचे प्रभाव, एकमेकांना पुरती खोडून काढतात. सगळ्या चित्रीकरणात आम्ही सर्वांत जास्त वेळ या टिकलीएवढ्या जागेवर घालवला.

अशाच रांगांवरून मायकेल फॅरेडेने एकोणिसाव्या शतकात बलरेषांची कल्पना मांडली. बलरेषा ताणलेल्या रबरासारखी समजा. ती लांबीत आखडू पाहते आणि फुगून शेजारच्या रेषेला रेटते. मघाच्या पहिल्या चित्रात रेषा दोन ध्रुवांना जोडून आखडत होत्या. दुसऱ्यात जोडायला वावच नव्हता, होती ती फक्त रेटारेटी. रेषा हातात धरता येणारी वस्तू नाही, हे कबूल. पण या चित्रावरून केलेलं बलाचं गणित चोख येतं.

[फिरती हिऱ्याची चकती, पाण्याची धार]

हा फेराइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेल्या ठिसूळ पदार्थाचा पट्टीचुंबक. आडवा कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाला पुन्हा दोन ध्रुव असतात. पेत्रुस पेरेग्रिनुस या फ्रेंच विद्वानाने १२६९ साली चुंबकदगडाबद्दल हेच लिहून ठेवलंय. कापल्या जागी तुकडे पुन्हा ओढून चिकटतात. शाळेत इथवर शिकवतात.

उभा कापला तर? चकती एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे चाललीय, खाली करडा चिखल साचतोय. शेवटचा मिलिमीटर... आणि दोन्ही फाकी आपोआप बाजूला झाल्या. जुळवून धरल्या तरी राहत नाहीत. म्हणजे चुंबक अखंड होता तेव्हाही त्याच्या दोन बाजू एकमेकींना ढकलतच होत्या, पदार्थाच्या मजबुतीने त्यांना धरून ठेवलं होतं इतकंच.

[रेखाटन: अणूंचे बाण]

लोखंडाचा अणू हा मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिन नावाच्या अंगभूत गुणामुळे स्वतः छोटा चुंबक असतो. पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) एका परिणामामुळे शेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून राहतात. पण असा गट मोठा होत गेला की मघाशी फाकींत दिसलं तेच ढकलणं डोईजड होतं, आणि लोखंड छोट्या छोट्या भागांत विभागलं जातं, प्रत्येकाची दिशा निराळी. या भागांना डोमेन म्हणतात. पिएर वाइसने १९०७ मध्ये ते सुचवले. खिळा एरवी चुंबक का नसतो, याचं कारण हेच. चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेला जुळणारे डोमेन वाढतात, जवळच्या टोकाला विरुद्ध ध्रुव तयार होतो आणि खिळा ओढला जातो. कुठलाही ध्रुव पुढे केला तरी असंच घडतं.

[लाकडी दांड्यात दोन वलयं, खाली वजनकाटा]

दोन्ही वलयं चुंबकाची, समान ध्रुव समोरासमोर. वरचं वलय अधांतरी आहे, तरी काटा दोन्ही वलयांचं मिळून पूर्ण वजन दाखवतो. वरच्याचा भार खालच्यावर आहेच, फक्त मध्ये स्पर्श नाही. (काट्यावर लाकडाचा जाड ठोकळा ठेवलाय, नाहीतर आतल्या लोखंडाने आकडा बिघडवला असता.)

पण दांडा कशाला? सॅम्युअल अर्नशॉने १८४२ मध्ये गणिताने दाखवलं की नुसत्या कायमच्या, न हलणाऱ्या चुंबकांवर दुसरा चुंबक हवेत स्थिर तोलता येत नाही. दांडा काढून पाहू, संथ गतीत. वलय कलतं, घसरतं, हवेतच उलटतं आणि खालच्यावर आपटतं. कडेचा टवका उडाला. ढकलणारा चुंबक सुटा मिळाला की पहिली संधी साधून ओढणारा होतो.

[रेखाटन: रेल्वे]

मोटर, लाउडस्पीकर यांत ही ओढाताण सतत चालू असते. जपानच्या ज्या चुंबकीय रेल्वेने एप्रिल २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला, तिच्या मार्गालगतच्या भिंतींतली तारेची वेटोळी गाडीला खालून ढकलतात आणि वरून ओढतात. गाडी सुमारे १० सेंटिमीटर उचललेली राहते. पुरेसा वेग येईपर्यंत मात्र ती रबरी चाकांवरच धावते.