दुधी, आयव्ही आणि एरंड

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणासाठी मला विषय दिलाय, 'बायबलचा अर्थ कसा लावायचा यावरून ख्रिस्ती लोकांत झालेले वाद'. आणि वेळ दिलीय पंधरा मिनिटं. जवळजवळ दोन हजार वर्षांची भांडणं आणि पंधरा मिनिटं! तेव्हा मी सरळ एक भोपळा निवडलाय. हो, भोपळाच. दुधी भोपळा. या दुधीवरून एका चर्चमध्ये भर उपासनेत गोंधळ उडाला होता, आणि तिथल्या बिशपवर जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये बसायची पाळी आली होती.

पण त्याआधी जरा घरातलं बोलू. गणपतीत आरतीला उभे राहा. शेवटाकडे आलं की निम्मी माणसं 'संकटी' म्हणतात आणि निम्मी 'संकष्टी'. बरोबर काय ते एखादे आजोबा दरवर्षी समजावून सांगतात. सगळे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'संकष्टी'. कानात बसलेला शब्द हलत नाही. आजचं माझं सगळं बोलणं एवढ्या एका प्रश्नाभोवती आहे: कानात बसलेला शब्द खरा, की मुळात लिहिलेला शब्द खरा?

आता चला उत्तर आफ्रिकेत. लिबियाची राजधानी त्रिपोली आपल्याला ठाऊक आहे. रोमन काळात तिथल्या गावाचं नाव होतं ओया. बंदराचं गाव, लॅटिन बोलणारे लोक, ग्रीक बोलणारे लोक, ज्यूंचीही वस्ती. सन ४०३ च्या थोडं आधीची गोष्ट. तिथल्या बिशपने काय केलं, तर जुन्या कराराचं, म्हणजे मूळ हिब्रूत असलेल्या बायबलच्या पहिल्या भागाचं, एक नवंकोरं लॅटिन भाषांतर उपासनेत वाचायला घेतलं. वाचन होतं योना संदेष्ट्याच्या पुस्तकातलं. माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला तो योना.

मासा आपल्या सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्या पुस्तकातलं झाड कुणी लक्षात ठेवत नाही. योना निनवे शहरात जाऊन सांगतो, चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार. लोक घाबरतात, पश्चात्ताप करतात, आणि देव त्यांना माफ करून टाकतो. योनाला याचाच राग येतो. आपण सांगितलेलं खोटं ठरलं ना! तो शहराबाहेर जाऊन फुरंगटून बसतो. ऊन रणरणतंय. देव त्याच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून एक झाड उगवतो. योना खूश होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे देव एक किडा पाठवतो, किडा झाडाला लागतो, झाड वाळतं. मग योना म्हणतो, यापेक्षा मेलो तर बरं.

प्रश्न असा, की ते झाड कसलं?

ओयाच्या लोकांच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या बसलं होतं 'कुकुर्बिता', म्हणजे भोपळा. ग्रीक भाषांतरात भोपळा होता, त्यावरून केलेल्या जुन्या लॅटिनमध्येही भोपळाच. आणि नुसतं कानात नव्हे, डोळ्यांतही. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर, रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर योनाची चित्रं आजही दिसतात. मांडवावर वेल चढलाय, लांबट दुधी लोंबतायत, आणि खाली योना हात डोक्याखाली घेऊन आरामात लवंडलाय. आईवडिलांच्या थडग्यावर जे कोरलंय, ते चूक कसं असेल? (दुधीचं नाव काढलं की पानावरून उठणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. मी त्यांतली नाही. चण्याची डाळ घातली तर दुधीइतकी गुणी भाजी नाही. असो.)

तर वाचक वाचतोय, वाचतोय, आणि भोपळ्याच्या जागी येतो 'हेदेरा'. म्हणजे आयव्ही. युरोपात भिंतींवर चढलेली असते ना, ती हिरवीगार वेल.

झालं! एकच ओरडा. चूक, चूक, भाषांतर खोटं आहे! ग्रीक बोलणारे तर सगळ्यात पुढे. बिशप बिचारा हबकला. हिब्रू त्याला येत नव्हतं, कुणालाच येत नव्हतं. शेवटी गावातल्या ज्यूंनाच विचारायचं ठरलं: बाबांनो, तुमच्या मूळ पोथीत काय आहे? ते म्हणाले, पूर्वीपासून तुम्ही जे वाचत आलात तेच बरोबर आहे. बिशपला भाषांतर दुरुस्त करावं लागलं. नाहीतर माणसं उठून गेलीच असती.

हे सगळं आपल्याला कळतं ते एका पत्रातून. आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन याने ते सन ४०३ मध्ये लिहिलं. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा. आणि पत्र कुणाला, तर त्या भाषांतरकारालाच. त्याचं नाव जेरोम. जेरोम तेव्हा बेथलेहेमच्या मठात राहत होता आणि हिब्रूवरून थेट लॅटिनमध्ये जुना करार आणत होता. हिब्रू शिकायला त्याने किती खटपट केली! बारानिना नावाचा एक ज्यू शिक्षक त्याच्याकडे रात्री लपतछपत यायचा, आपल्या लोकांनी पाहू नये म्हणून. जेरोमने स्वतःच लिहून ठेवलंय, त्याची फी काही कमी नव्हती. भाषांतरकाराने पदरचे पैसे घालून शब्द शोधायचा आणि लोकांनी त्याचं नाव आतल्या पानावर मुंगीएवढ्या टायपात छापायचं, ही रीत फार जुनी दिसते.

ऑगस्टीनचं पत्र नम्र आहे, पण टोचणारं. त्याचं म्हणणं असं: ग्रीकबद्दल शंका आली तर ग्रीक पोथी उघडून पाहता येते, ग्रीक जाणणारे आहेत. हिब्रूबद्दल शंका आली तर कुणाला विचारायचं? एकट्या तुम्हाला? मला विचाराल तर हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पोथीची पडताळणी एकच माणूस करू शकतो, ती लाखो लोकांनी कशी वाचायची?

जेरोम काही नम्र वगैरे नव्हता. त्याचं उत्तर सन ४०४ चं. तो म्हणतो, कोणत्या शब्दावरून गोंधळ झाला ते तुम्ही लिहिलंच नाही, मग मी बचाव कसला करू? पण मला वाटतं, भोपळ्याचंच प्रकरण असणार! त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण रोममध्ये याच भोपळ्यावरून त्याच्यावर आधीही चिखलफेक झाली होती. आणि त्या ज्यूंबद्दल तो म्हणतो, एक तर त्यांना हिब्रू येत नसावं, नाहीतर या भोपळेवाल्यांची त्यांनी गंमत केली असेल! 'भोपळेवाले' हा शब्द माझा नाही, त्याचाच. लॅटिनमध्ये 'कुकुर्बितारी'.

आता खरी मजा ऐका. हिब्रूमध्ये त्या झाडाचं नाव आहे 'किकायोन'. जेरोमने ते झाड पाहिलेलं होतं. योनाच्या पुस्तकावरच्या भाष्यात तो त्याचं वर्णन करतो: पानं रुंद, द्राक्षाच्या पानांसारखी. वेलीसारखा आधार लागत नाही, आपल्या बुंध्यावर उभं राहतं. रेताड जमिनीत येतं. आज बी टाका, थोड्याच दिवसांत झुडूप. श्रोतेहो, ओळखलंत? पडीक जमिनीवर, उकिरड्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांशेजारी कोण उभं असतं?

एरंड!

आजच्या बऱ्याच अभ्यासकांचंही तेच मत आहे. आपल्याकडे म्हणतात ना, ओसाड गावी एरंड बळी. निनवेच्या बाहेर उजाड माळावर योनाच्या डोक्यावर तोच बळी उभा होता. आमच्या लहानपणी परीक्षा संपली की रविवारी सकाळी आजी एरंडेल पाजायची, नाक दाबून. तेव्हा कुणी सांगितलं असतं की हे बायबलातलं झाड आहे, तरी चव सुधारली नसती.

मग जेरोमने एरंड का नाही लिहिला? तो म्हणतो, लॅटिनमध्ये या झाडाला नावच नाही. नाव होतं, त्याच्या तीनशे वर्षं आधी प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलेलं आहे, पण ते असो. 'किकायोन' तसंच ठेवलं तर? तर व्याकरणपंडित त्यातून हिंदुस्थानातला एखादा प्राणी नाहीतर ग्रीसमधला एखादा डोंगर काढतील, अशी त्याला भीती. म्हणून त्याने आधीच्या काही ग्रीक भाषांतरकारांच्या मागे जाऊन आयव्ही लिहिली. लोकांना कळावी म्हणून! आणि ज्या हिंदुस्थानचं त्याला भय, तोच आज जगात सगळ्यात जास्त एरंडी पिकवतो.

म्हणजे बघा. लोक भोपळ्यासाठी भांडले, भोपळा मुळात नव्हता. जेरोम आयव्हीसाठी भांडला, आयव्हीही मुळात नव्हती, आणि त्याला ते ठाऊक होतं. कानात बसलेला शब्द खरा की मुळातला खरा? इथे तर दोन्ही बाजूंनी मुळातला शब्द सोडलेला! आणि ज्या पुस्तकावरून हे चाललंय त्यात देव योनाला काय म्हणतो? ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस, त्याच्यासाठी एवढा चिडतोस, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं जिथे राहतात त्या निनवेची मला कीव येऊ नये? आणि गुरंढोरंही पुष्कळ आहेत तिथे. एवढं बोलून पुस्तक संपतं. झाडावरून चिडलेल्या माणसाची गोष्ट वाचताना ओयाचे लोक झाडावरूनच चिडले.

तुम्ही म्हणाल, बाईंनी एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय. घड्याळही तेच म्हणतंय. तेव्हा आता भराभरा.

जेरोम आणि ऑगस्टीन या दोघांचा मोठा वाद भोपळ्यावरून नव्हताच. बायबलच्या नव्या करारात 'गलतीकरांस पत्र' आहे, त्यात प्रेषित पौल सांगतो की अंत्युखिया शहरात मी पेत्राला, म्हणजे दुसऱ्या प्रेषिताला, तोंडावर दोष दिला. जेरोमचं म्हणणं, हे दोघांनी लोकांच्या भल्यासाठी ठरवून केलेलं नाटक होतं, एवढे मोठे प्रेषित खरंखुरं कसे भांडतील? ऑगस्टीन म्हणाला, थांबा. पवित्र ग्रंथात एकदा का 'सोयीचं खोटं' चालतं म्हटलं, की ज्याला जे वचन जड वाटेल त्याला तो नाटक म्हणेल. मग उरलं काय? इथे मी ऑगस्टीनच्या बाजूची. पुढे जेरोमही त्याच बाजूला सरकलेला दिसतो. या वादावरचं ऑगस्टीनचं पत्र वाटेतच भरकटलं. बेथलेहेमला पोचायच्या आधी रोममध्ये लोक ते वाचत होते, आणि जेरोमला वाटलं की मुद्दाम बदनामीसाठी फिरवलंय. मूळ माणसाला मिळण्याआधी गावभर फॉरवर्ड होणं, हा रोग मोबाइलने आणलेला नाही.

पण शब्दाला चिकटून बसणारा म्हणून ऑगस्टीनला पाहू नका. तोच लिहितो की आकाश, ग्रह, ऋतू यांबद्दल ज्याला खरी माहिती आहे त्याच्यापुढे बायबलचा हवाला देऊन ख्रिस्ती माणसाने वेड्यासारखं बोलू नये, हसं होतं. १६१५ मध्ये गॅलिलिओ स्वतःच्या बचावासाठी पत्र लिहायला बसला तेव्हा त्याने याच ऑगस्टीनचा आधार घेतला. त्याचा उपयोग किती झाला ते तुम्हाला माहीत आहे. आणि ऑगस्टीनचा एक दृष्टांत मला फार आवडतो. एखाद्याने वचनाचा अर्थ चुकीचा लावला, पण त्यातून प्रेमच वाढलं, तर तो रस्ता चुकून शेतातून गेलेल्या माणसासारखा, पोचतो त्याच गावी. तरी त्याला रस्ता दाखवावा, कारण आडवाटेची सवय लागली की कधीतरी भलत्याच गावी जाईल.

आपल्याकडची एक गोष्ट सांगते आणि थांबते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर्सशी त्यांचे लगेच खटके उडायला लागले. बायबल मी वाचीन, अर्थ माझ्या विवेकाला पटेल तो घेईन, असं बाईंचं म्हणणं. मायदेशातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती आता दुसऱ्या जोखडात घालणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून कळवलं. संस्कृतची एवढी पंडित बाई, पण पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आश्रमातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. रात्री चोरून येणारा बारानिना त्यांना नव्हता. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

तुमच्या घरी, शेजारी, वाचनालयात कुठलं मराठी बायबल असेल तर योनाचं पुस्तक काढा. चौथा अध्याय, सहावं वचन. जुन्या इंग्रजी राजा जेम्सच्या प्रतीत भोपळाच आहे, आणि हल्लीची बरीच इंग्रजी भाषांतरं नुसतं 'रोप' नाहीतर 'झुडूप' म्हणून सुटका करून घेतात. तुमच्या प्रतीत काय उगवलंय, ते आकाशवाणीच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. कार्डावर कळवलंत तर जास्त आवडेल. नमस्कार.