खिशातली चष्म्याची डबी

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे मी आपल्या बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाते. तिथं भरतीची तयारी करणारी मुलं धावत असतात. कुणी येळ्ळूरचा, कुणी कडोलीचा, कुणी खानापूरहून येऊन शहरात खोली करून राहिलेला. आता मुलीही दिसतात. कितीजणांच्या खिशात चष्म्याची डबी असते. धावताना चष्मा काढायचा, मैदानाबाहेर आलं की परत लावायचा. मी डोळ्यांची डॉक्टर, त्यामुळं माझं लक्ष त्या डबीकडं जातंच. आज मला या मुलांशीच बोलायचं आहे, त्यातही ज्यांना अग्निशामक दलात जायचं आहे त्यांच्याशी.

दवाखान्यात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅडम, आठ दिवसांत नंबर जातोय काय?’ वैद्यकीय तपासणी तोंडावर आलेली असते. मला नाही म्हणावं लागतं, आणि म्हणताना जीव तुटतो. हेच पोर वर्षभर आधी आलं असतं तर बरंच करता आलं असतं.

या कामात चष्म्याची अडचण खरी आहे. धुरात शिरताना जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेतो आणि चेहऱ्यावर मास्क बांधतो. मास्कची रबरी कड कातडीला घट्ट बसावी लागते. चष्म्याची काडी कानावर गेली की तिथं फट राहते, आणि फटीतून धूर आत येतो. शिवाय हे काम नुसतं आगीचं नाही. उन्हाळ्यात गवतगंज्या पेटतात, तशी विहिरीत माणसं पडतात, म्हशीही पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांना महापूर आला तो तुम्ही पाहिला आहे. तसल्या पाण्यात कुणाला बोटीत ओढून घेताना नाकावरचा चष्मा टिकत नाही.

म्हणून चष्मा घालवणाऱ्या लेसरचा विचार मनात येणं अगदी रास्त आहे. फक्त लेसर काय करतो ते समजून घ्या. बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, साधारण ५४० मायक्रॉन. लेसर त्याचा मधला भाग तासतो. उणे एका नंबरमागं १२ ते १५ मायक्रॉन जातात, म्हणजे उणे चारच्या चष्म्याला पन्नास-साठ. तासलेला भाग परत भरून येत नाही. नंबर मोठा आणि पटल मुळातच पातळ असेल, तर लेसर करूच नये. काहींचं पटल हळूहळू शंकूसारखं पुढं येत असतं. डोळे सतत चोळायची सवय असलेल्यांत हे जास्त आढळतं. अशा डोळ्यावर लेसर केला तर आजार बळावतो. टोपोग्राफी नावाच्या तपासणीत हे आधी कळतं. ती न करता कुणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर तिथून उठून या.

आता लॅसिक ही लेसरची पद्धत. यात पटलाचा वरचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेसर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण तो पापुद्रा पूर्वीसारखा एकजीव कधीच होत नाही. जोराचा मार बसून तो कित्येक वर्षांनी सरकल्याची उदाहरणं आहेत. आणि तुमच्या कामात डोळ्याला मार बसायला निमित्त लागत नाही. पाइपचा झोत आहे, निसटलेला वासा आहे, बुडणाऱ्या माणसाचं कोपर आहे.

पीआरके या दुसऱ्या पद्धतीत पापुद्रा कापत नाहीत. पटलावरचा नाजूक थर काढून लेसर करतात, तो थर चार-पाच दिवसांत परत येतो. ते दिवस वाईट जातात. डोळे ठणकतात, पाणी येतं, उजेड सोसत नाही. नजर पक्की बसायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. तोवर थेंब चुकवायचे नाहीत आणि उन्हात गॉगल घालायचा. तरीही अग्निशामक दलात जाणाऱ्या मुलाचा डोळा योग्य असेल, तर मी पीआरकेच सुचवते. स्माइल या पद्धतीतही पापुद्रा नसतो, मात्र ती सगळीकडं होत नाही.

आता दिवस मोजा. वय अठरा पूर्ण हवं आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी एक-दोन आठवडे त्या बंद ठेवायच्या. मग शस्त्रक्रिया, मग नजर बसेपर्यंतचे महिने. काही दलं शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ गेलेला मागतात, काहींना लेसर केलेला डोळा चालतच नाही. त्यामुळं पैसे भरायच्या आधी भरतीची अधिसूचना वाचा. ती कन्नडमध्ये असेल तर कन्नड चांगलं येणाऱ्या मित्राबरोबर बसून वैद्यकीय निकषांचं पान ओळन्‌ओळ वाचून घ्या. महाराष्ट्रातल्या जागांसाठी अर्ज करत असाल तर तिथलेही निकष वेगळे वाचा. शस्त्रक्रिया मात्र लपवू नका. तपासणाऱ्याच्या यंत्राखाली पापुद्र्याची कड दिसते.

एक मुलगा मी विसरू शकत नाही. त्यानं बाहेरगावी लेसर करून घेतलं होतं, त्यासाठी घरची म्हैस विकली होती. डोळे उत्तम झाले, ६/६. आणि वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांतला आकडा त्याला ओळखता आला नाही. तो जन्मापासून रंगांध होता. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला कळत नव्हता, आणि हे लेसरनं बदलत नाही, चष्म्यानंही बरं होत नाही. शस्त्रक्रियेआधी पाच मिनिटांची ती तपासणी कुणीच केली नव्हती. दलवाले रंगासाठी अडून बसतात ते उगाच नव्हे. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपला आग लागली तर काळा सिलिंडर ऑक्सिजनचा असतो आणि मरून, म्हणजे गडद लाल रंगाचा, ॲसिटिलीन या पेटणाऱ्या वायूचा. काही रंगांध डोळ्यांना गडद लाल काळाच दिसतो.

हा दोष मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त असतो आणि बहुधा आईकडून येतो. आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना रंग ओळखताना अडचण होती का, हे आज घरी विचारा. आणि दहावी-बारावीच्या सुट्टीतच, धावायला लागायच्या आधी, ठिपक्यांची तपासणी करून घ्या. कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात ती होते. येताना जुन्या चष्म्यांचे सगळे कागद आणा. नंबर थांबला आहे की अजून वाढतो आहे, हे त्यांवरूनच मला कळतं.

नमस्कार.