एका चित्रासाठी उघडलेलं दार

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत आज तेवीसशेहून अधिक चित्रं आहेत. मला मात्र तिथल्या भिंती ओक्याबोक्या होत्या, त्या दिवसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. युरोपातली कितीतरी कलासंग्रहालयं राजघराण्यांच्या खजिन्यातून उभी राहिली. पॅरिसचं लूव्र तर मुळात राजवाडाच. लंडनची सुरुवात साधी होती. जॉन जूलियस अँगरस्टाइन हे विम्याच्या व्यवसायातले धनिक वारले आणि त्यांच्या संग्रहातली ३८ चित्रं १८२४ साली सरकारने ५७,००० पौंडांना विकत घेतली. ठेवायला इमारत नव्हती, म्हणून अँगरस्टाइन यांच्याच घरात ती लोकांसाठी मांडली. ट्रफॅल्गार चौकातली आजची वास्तू खुली झाली १८३८ साली. ही जागा निवडण्यामागचा विचार मला फार आवडतो. पश्चिमेकडून श्रीमंतांना बग्गीतून येता यावं आणि पूर्वेच्या वस्त्यांतून गरिबांना पायी!

संग्रह पुढे वाढत गेला. पहिले संचालक चार्ल्स ईस्टलेक इटलीत हिंडून चित्रं मिळवत. यान व्हॅन आइकचं १४३४ सालचं 'आर्नोल्फिनी' इथेच आहे. त्यात जोडप्यामागच्या भिंतीवर एक छोटासा गोल आरसा आहे आणि त्या आरशात अख्खी खोली उमटलेली आहे. व्हॅन गॉगची सूर्यफुलं इथे आली १९२४ साली.

आणि मग युद्ध आलं. १९३९च्या ऑगस्टअखेर, दहा-अकरा दिवसांत, चित्रं वेल्सला हलवली गेली. पुढे तिथल्या मॅनॉड डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत त्यांना आसरा मिळाला. खाणीचं तोंड सुरुंग लावून मोठं केलं. आत विटांच्या खोल्या बांधल्या आणि हवेतली उष्णता व ओल कायम एकसारखी राखली. राजा पहिला चार्ल्स घोड्यावर बसलेला, असं व्हॅन डाइकचं जवळजवळ बारा फूट उंचीचं चित्र आहे. ते वाटेतल्या रेल्वेपुलाखालून जाईना, तेव्हा रस्ताच खणून खाली घेतला!

इकडे गॅलरी रिकामी. पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. पुढे इमारतीवर बॉम्ब पडले, राफाएलची चित्रं जिथे असत ते दालन उद्ध्वस्त झालं, तरी मैफली चालूच राहिल्या.

पण लोकांना चित्रही पाहायचं होतं. जानेवारी १९४२मध्ये 'द टाइम्स'मध्ये एक पत्र छापून आलं. त्याचा आशय असा, की लंडनचा चेहरा जखमांनी भरला आहे, म्हणूनच आम्हाला सुंदर वस्तू पाहण्याची गरज आज जास्त आहे. गॅलरीने नुकतंच घेतलेलं रेम्ब्रांटचं, मार्गारेता द गेअर या वृद्धेचं व्यक्तिचित्र दाखवावं, अशी ती मागणी होती. ती मान्य झाली, आणि त्यातूनच दर महिन्याला खाणीतून एक चित्र लंडनला आणायचं ठरलं. फक्त एक. बॉम्ब पडलाच, तर जाईल तेही एकच.

या मालिकेतलं पहिलं चित्र होतं टिशनचं 'नोली मे टांगेरे'. ख्रिस्ताची शिष्या मेरी मॅग्डलीन गुडघ्यांवर बसून हात पुढे करते आहे, आणि पुन्हा जिवंत झालेला ख्रिस्त आपलं वस्त्र मागे घेत तिच्याकडे वाकून पाहतो आहे. 'मला स्पर्श करू नकोस' हा त्या नावाचा अर्थ. ज्यांनी त्या वर्षांत आपली माणसं गमावली होती, ते त्या पुढे आलेल्या हाताकडे कसे पाहत असतील? दालनात तुलना करायला दुसरं काही नाही, पुढच्या चित्राकडे सरकायची घाई नाही.

१९४५ साली युद्ध संपलं आणि चित्रं परत येऊ लागली. टिशनचं ते चित्र आजही गॅलरीच्याच संग्रहात आहे, आणि कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिथे तिकीट पडत नाही.

नमस्कार.