गळती एक, वाट दुसरी

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन एकदम गार आहे. आता चावी फिरवतोय, फक्त ऐका. टिक टिक टिक टिक... येतंय ऐकू? आता तीन-चार मिनिटं थांबूया. बघा, गेला आवाज.

बरेच जण म्हणतात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, वाजतोय, गरम झालं की आपोआप बंद होतं, सोडून द्या. असतंही तसं कधी कधी. पण हीच गाडी सिग्नलला उभी राहिली की आत धुराचा वास भरतो, आणि हे दोन्ही एकत्र असेल तर माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून निघालेला धूर गोळा करून पाईपला देणाऱ्या भागावर. बारीक तडा गेलेला असतो नाहीतर गॅस्केट, म्हणजे जोडातलं सील, जळालेलं असतं, गार असताना फट उघडी राहते आणि लोखंड तापून फुगलं की ती बऱ्यापैकी बुजते, म्हणून आवाज जातो. वास मात्र पूर्ण जातोच असं नाही.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याला जो वास येतो तो अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा आणि गंधकाच्या संयुगांचा वगैरे. जे खरं विष आहे, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, सुस्ती, आणि गाडीतून उतरून मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटणं, असं होत असेल तर कारण सापडेपर्यंत ती गाडी चालवूच नका. आणि नाक पण फसवतं बरं का, थोड्या वेळाने त्याला सवय होते आणि आपल्याला वाटतं वास गेला. त्यामुळे वास घ्यायला बाहेरून आलेला माणूस लागतो, रोज चालवणारा नाही.

आता वास कसला, हे बघू. सडक्या अंड्यासारखा असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे, म्हणजे पाईपमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्याकडे बघायचं. गोडसर आणि सोबत पांढरा धूर जो गरम झाल्यावरही थांबत नाही, म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळतंय, बहुतेक इंजिनाच्या हेडखालचं हेड गॅस्केट गेलंय. जळक्या ऑइलचा असेल आणि मागून निळा धूर नसेल तर बोनेट उघडा, वरच्या कव्हरमधून ऑइल झिरपून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असणार. आणि जुन्या गाडीला कन्व्हर्टरच नसेल तर मागे उभं राहिल्यावर थोडा उग्र वास येणारच, तो आजार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कच्च्या पेट्रोलच्या वासात. एक भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा हे वजनाचं गणित, पेट्रोल जास्त झालं की मिक्श्चर रिच. प्लग काढून बघा, तपकिरी-करडा असेल तर ठीक, हा बघा आपला, कोरडी काळी काजळी, बोटाला लागते. कार्बोरेटरच्या गाडीत चोक, म्हणजे गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप, अडकलाय का, फ्लोटची निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, गळतेय का हे आधी बघायचं. इंजेक्शनच्या जुन्या गाडीत फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, प्रेशर रेग्युलेटर असतो, त्याला एक बारीक व्हॅक्यूमची नळी येते. इंजिन बंद करून ती उपटा आणि टोकाचा वास घ्या. कोरडी पाहिजे. ओली असेल, पेट्रोलचा वास आला, तर आतला पडदा फाटलाय, आणि इंजिन त्या नळीतून फुकटचं पेट्रोल ओढतंय.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे खरं तर खर्चाला खड्डा. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पाईपला गळती असेल तर धूर बाहेर जातो तशी मधेमधे बाहेरची हवा आत पण ओढली जाते, सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा पेट्रोल वाढवतो. मग लोक सेन्सर बदलत बसतात, आणि सेन्सर तर खरं तेच सांगत होता.

गळती शोधायची सोपी पद्धत दाखवतो. इंजिन बंद आणि गार. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकणाऱ्या बाजूला लावायची, दुसरं टोक सायलेन्सरच्या तोंडात, भोवती फडकं. आता जोडांवर साबणाचं पाणी मारत पुढे सरकायचं. इथे काही नाही... इथेही नाही... हा बघा, मॅनिफोल्डच्या कडेला, बुडबुडे फुगतायत. त्याच जागी काळा डाग पण आहे, काजळीचा, तो आधीच दिसायला हवा होता, पण वरच्या पत्र्याने झाकलेला.

गॅस्केट बदललं, टिकटिक बंद. तरी हायवेला मागच्या सीटवर वास आहेच! कारण धूर आत यायला नुसती गळती पुरत नाही, आत शिरायला वाट पण लागते, आणि जुन्या गाडीत अशा वाटा भरपूर. पुढची गळती काचेखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये शिरते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घुटमळतो, आणि मागची काच किंवा डिकी जरा उघडी असेल तर सरळ आत.

डिकीच्या रबरासाठी कागदाची पट्टी पुरते. पट्टी मधे धरून डिकी बंद करा आणि ओढा. इथे घट्ट, इथेही घट्ट, आणि इथे... अलगद हातात आली. मागच्या दिव्याच्या बरोबर वर. दिवा काढला तर त्याच्यामागचं रबर कडक होऊन तुटलेलं, बोट आरपार जातंय.

दोन्ही रबरं नवीन टाकली. आता गाडी मोकळ्या जागेत, काचा बंद, आत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारा मीटर ठेवलाय, घरचा अलार्म नाही चालत, तो कमी पातळीला गप्प बसतो. दहा मिनिटं आयडलिंग, मग ब्लोअर फुल, मग एक चक्कर हायवेला, मागच्या सीटवर नाकवाला माणूस बसवून. मीटर शून्यावर आहे. मागचा म्हणतोय, नव्या रबराचा वास येतोय.